ताराबाईंच्या अनुताई

ठाणे जिल्हा म्हटलं की डोंबिवलीकराच्या डोळ्यांपुढे सकाळची फास्ट लोकल, कल्याण स्टेशनबाहेरची रिक्षांची झुंबड आणि घोडबंदर रोडचे टॉवर उभे राहतात. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत हाच जिल्हा पार गुजरातच्या वेशीला भिडलेला होता. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा सगळे ठाण्यातच. डहाणूच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाचं कलेक्टर कचेरीत काम निघालं, की त्याने शंभरावर किलोमीटर तुडवत ठाण्याला यायचं आणि साहेब जागेवर नसले तर पुन्हा यायचं. त्या टोकाला दोन बायकांनी मिळून लहान मुलांच्या शिक्षणाचं एक काम उभं केलं. त्याचे धागे आज कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतल्या अंगणवाड्यांपर्यंत येऊन पोचतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. नावं बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात, तीही जोडीने. स्पर्धा परीक्षांच्या गाइडात ‘कोसबाड’च्या पुढे दोघींची नावं असतात, पाठ करणारा ती पाठ करतो आणि पुढच्या समाजसुधारकाकडे वळतो. फार तर एक गुरू, दुसरी शिष्या एवढं लक्षात राहतं. गुरू-शिष्य ही आपल्याकडची सोयीची जोडी आहे. एकीच्या फोटोला हार घातला की दुसरीचंही भागतं. प्रत्यक्षात अठ्ठावीस वर्षं एकाच कामाला जुंपून घेतलेल्या दोन बायकांचं नातं एवढ्यात उरकत नाही. ताराबाई अनुताईंपेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या, म्हणजे आईच्या वयाच्या. कामात वरिष्ठ, पण रोजच्या राबण्यात सोबतीण. आणि घर-संसार म्हणतात तो दोघींनाही लाभला नव्हता, त्यामुळे सुखदुःखाला एकमेकींच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२चा, मुंबईतला. आईवडील प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीने शिकायचं की नाही हा प्रश्न त्या केळकरांच्या घरात नव्हता. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला मोडक वकिलांच्या घरी गेल्या. पण संसार टिकला नाही. १९२१च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या आणि लहान मुलीला घेऊन राजकोटला मुलींच्या अध्यापक विद्यालयात प्राचार्य म्हणून रुजू झाल्या. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पदवीधर, पदरात पोर आणि हाताखाली सगळं विद्यालय! शंभर वर्षांपूर्वी अशा बाईकडे गावाने कसं पाहिलं असेल, ते सांगायला नको.

ती नोकरी पगाराची, मानाची. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या विचारातून माँटेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि वकिली सुटली ती सुटलीच. भरघोस मिशा असलेल्या या गृहस्थांना गुजरातेत लोक ‘मूछाळी मा’ म्हणत, मिशीवाली आई. आईपण हे मन लावून शिकायचं काम आहे आणि ते कुणालाही शिकता येतं, हे ताराबाईंनी तिथे एका पुरुषाकडे पाहून शिकून घेतलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, ‘शिक्षण पत्रिका’ सुरू झाली, पुढे १९३३पासून तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. १९३६ साली दादरला शिशुविहार उघडलं.

आई म्हणून ताराबाई कशा होत्या, हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. रत्नाकर मतकरींचं ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या आयुष्यावरच बेतलेलं आहे. गावच्या मुलांसाठी जीव टाकणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घराचं काय झालं, याची बोच त्या नाटकाच्या नावातच आहे. चरित्रलेखक बहुधा या जागेवरून भरभर पुढे सरकतात. सरकू नये. पुढे डहाणूजवळच्या बोर्डीला त्यांनी जे केलं, ते घर सुखाचं असलेल्या बाईने फावल्या वेळात केलेलं समाजकार्य नव्हतं, हे त्याशिवाय कळत नाही.

दादरचं शिशुविहार चांगलं चाललं होतं, आणि ताराबाईंना टोचत होतं ते नेमकं हेच. मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलं ते रोमच्या सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत. आईबाप कामावर गेलेली, जिन्यात हुंदडणारी मुलं हीच त्यांची पहिली विद्यार्थी. ती पद्धत हिंदुस्थानात येईपर्यंत पॉलिश केलेल्या लाकडी पेट्यांची आणि फी भरू शकणाऱ्या घरांची झाली होती. गुलाबी मनोऱ्याचंच बघा. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा ठोकळे. ते अगदी मापात कापलेले हवेत, नाहीतर त्यांचा उपयोग नाही. दट्टापेट्यांचंही तसंच, प्रत्येक दट्टा आपल्याच खळग्यात नेमका बसायला हवा. हे सगळं सुताराकडून करून घ्यायचं म्हणजे पैसा आला. खेड्यातल्या मुलाला हे कोण देणार?

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. आजच्या हिशेबाने पेन्शनच्या फॉर्मची चौकशी सुरू करायचं वय.

त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं. कस्तुरबा १९४४च्या फेब्रुवारीत गेल्या, त्यांच्या नावाने जमलेल्या निधीतून खेड्यातल्या बायका-मुलांसाठी कार्यकर्त्या घडवायच्या होत्या. शिबिरात पस्तीस वर्षांची एक शिक्षिका होती. जन्म मोरगावचा, १७ मार्च १९१०चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. वडिलांनी धीर धरला, मुलीला शिकवलं. मग शिक्षिकेची नोकरी, आणि नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक. या अनुताई वाघ. ताराबाईंना बोर्डीसाठी हाताशी माणूस हवं होतं, अनुताईंना खेड्यात काम हवं होतं. पुण्यातली बरी चाललेली शाळा सोडून त्या निघाल्या.

ज्या मुलखात या दोघी जाऊन पडल्या तो तेव्हा धुमसत होता. १९४५च्या जानेवारीत कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली होती, तिला उंबरगाव तालुक्यातले काही वारली आदिवासी आले होते. ते परत गेले आणि पाठोपाठ किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तिकडे पोचले. वेठबिगार बंद, ‘लग्नगडी’ बंद. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या चार पैशांपायी नवराबायकोने जन्मभर त्याच्या घरी राबायचं, ही तिकडची रीत होती. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं आहे. बोर्डीच्या बायका त्या लढ्यात नव्हत्या, त्यांचा रस्ता वेगळा होता. पण एकाच वर्षी, एकाच जिल्ह्याच्या एकाच कोपऱ्यात, एक बाई आईबापांना मान वर करायला सांगत होती आणि दोन बायका त्यांच्या पोरांची नखं कापत होत्या. लेखकांनी या दोन गोष्टी नेहमी वेगवेगळ्या पुस्तकांत ठेवल्या आहेत. पाड्यावरच्या घरात मात्र त्या एकाच वेळी घडत होत्या.

नखं कापणं ही इथे नुसती लिहायची पद्धत नव्हे. बालवाडी सुरू व्हायची तीच मुळी स्वच्छतेने. मुलं यायची ती केसांच्या जटा, अंगाला खरूज, नाक वाहतंय, अंगावर चिंधी असेल-नसेल अशी. त्यांना ‘बसा, गाणं म्हणा’ म्हणण्यात अर्थ नव्हता. आधी पाणी तापवायचं, एकेकाला आंघोळ घालायची, डोकं विंचरायचं, खरजेला औषध लावायचं. हे करायला शिपाई नव्हता, दाई नव्हती. शिक्षिकेनेच करायचं. आणि करताना तोंडाने बोलत राहायचं: हा हात, हे कोपर, हे गुडघे, किती बोटं, मोज बरं. मूल घाबरलेलं असेल तर आज फक्त हातपाय, डोकं उद्या. सक्ती केली तर ते परत येणार नाही. माँटेसरींच्या पुस्तकात याला ‘व्यावहारिक जीवनाचे पाठ’ म्हणतात. पितळी घागर घासणं, बटणं लावणं. बोर्डीला तो पाठ गिरवायला खोटी बटणं लावलेली चौकट लागत नव्हती. अंगरखाच असेल तर त्याची बटणं होती, नसेल तर तो शिवण्यापासून तयारी.

साहित्याचाही प्रश्न असाच सुटत गेला. बोर्डीला समुद्र, तेव्हा शिंपले-गोगलगायी फुकट. बांधावर चिंचोके, गुंजा, बिया, रंगीत दगड, पानं. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत या जाणिवा ठोकळ्यांनीच व्हायला हव्यात असं थोडंच आहे? शाळेत मूल हाताने करतं, निवडतं, चुकतं आणि आपली चूक आपणच ओळखतं, हे माँटेसरींचं मर्म. ते ठेवून बाकीचं टाकून द्यायला धाडस लागतं. ताराबाईंकडे अभ्यास होता, म्हणून त्यांना टाकता आलं. अर्धवट शिकलेला माणूस पुस्तकातली मापं सोडायला घाबरतो.

पण एवढं करूनही मुलं येईनात. हरिजनवाड्यातली आणि पाड्यावरची मुलं गावातल्या बालवाडीच्या पायरीपर्यंत येऊन परतायची. मग बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. रोजच्या रोज कुणाच्या तरी दारापुढे जागा झाडायची, सडा घालायचा, पेटी उघडायची. तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे असायची, तर शिक्षक कुरणात जायचा, गुरं चरतील आणि मुलं शिकतील; ही कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. आणि सगळ्यांत अवघड गाठ होती ती सात-आठ वर्षांच्या मुलीची. कडेवर धाकटं भावंड, म्हणून शाळा नाही. आई गवत कापायला गेलेली, म्हणून भावंड कडेवर. त्यासाठी पुढे विकासवाडी आली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईने भावाला पाळण्यात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. भाऊ रडला तर उठून बघून यायचं. शाळेत हजेरी का नाही याची कारणं शोधणारे अहवाल पुढे ढिगाने आले. त्यातलं मुख्य कारण त्या मुलीच्या कडेवर बसलेलं होतं, आणि या दोघींनी ते सरळ उतरवून घेतलं.

१९५७ साली हे सगळं बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांच्या आणखी जवळ.

यातलं सुचलेलं किती ताराबाईंचं आणि करून पाहिलेलं किती अनुताईंचं, याची वाटणी करत बसायला नको. पण कामाची धाटणी दोघींची वेगळी होती हे दिसतं. ताराबाईंकडे भावनगरचा अनुभव, लेखन, संस्थांशी आणि सरकारशी बोलायची ताकद. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. अनुताई रोज पाड्यावर. कोणतं मूल आज आलं नाही, कुणाच्या घरी दारूपायी भांडण झालं, कोणती आई भगताकडे गेली आणि दवाखान्यात का आली नाही, हे ज्याला ठाऊक असतं त्याचं नाव सहसा मागे राहतं. अशा जोड्या प्रत्येक कचेरीत, शाळेत, दवाखान्यात असतात. त्यांतल्या बहुतेक मोडतात: वरच्याला खालच्याने केलेल्या कामाचा विसर पडतो, नाहीतर खालच्याला वरच्याच्या नावाची आच लागते. इथे तसं झालं नाही, याचं श्रेय लोक अनुताईंच्या नम्रतेला देतात. ते थोडं ताराबाईंच्या मोठेपणालाही द्यायला हवं. अनुताईंना त्यांनी मदतनीस म्हणून गोठवून ठेवलं नाही. आधी मॅट्रिकवर आलेली ही शिक्षिका काम सांभाळून शिकत राहिली आणि १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी बी. ए. झाली. जी वरिष्ठ बाई आपल्या सहकारिणीच्या परीक्षेला सुट्टी देते आणि निकालावर खूश होते, तिच्याविषयी वेगळं प्रशस्तिपत्र लागत नाही.

मैत्रीबद्दल कागदावर फार सापडत नाही, आणि ते बरंच आहे. दोघींच्या आयुष्यातली मोठी दुःखं वेगळी होती. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरूच झाला नव्हता. एक मुंबईच्या सुधारकी घरातली, दुसरी मोरगावकडची. पण बालविधवेला ‘आता तुझं काय’ असं विचारणाऱ्या आणि घर सोडलेल्या बाईला ‘तुझ्या मुलीचं काय’ असं विचारणाऱ्या समाजात दोघींना उत्तर न देता राहता येईल अशी एक जागा होती, आणि ती त्यांनी स्वतःच बांधली होती. संध्याकाळी मुलं पांगल्यावर, उद्याच्या बालवाडीची तयारी करताना त्या काय बोलत असतील ते त्यांचं त्यांच्यापाशी.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. वय एक्क्याऐंशी.

संस्थेचा संस्थापक जातो तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने भरपूर पाहिलेलं आहे. पुतळा होतो, पुण्यतिथीला व्याख्यान होतं, विश्वस्तांत कुरबुरी होतात आणि काम हळूहळू वसतिगृहाच्या अनुदानापुरतं उरतं. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्या थांबल्या असत्या तर कुणी बोल लावला नसता. त्या पुढे एकोणीस वर्षं काम करत राहिल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मकथन याच काळातलं. नाव पाहा, ‘मी’ कुठे नाही, टेकडी आहे. १९८२ साली, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्याबरोबर ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था काढली आणि डहाणू तालुक्यातच प्राथमिक शिक्षणाचे नवे प्रयोग सुरू केले. १९८५ साली पद्मश्री. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. ताराबाईंची आठवण त्यांनी जपली ती अशी, काम पुढे रेटून आणि वेळप्रसंगी बदलूनही. ताराबाईंनी माँटेसरींचं जे केलं, तेच अनुताईंनी ताराबाईंचं केलं म्हणायला हरकत नाही.

दरम्यान सरकारी चाकं फिरली होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटलं गेलं. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आयांशी आरोग्याचं बोलणं आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा. आज महाराष्ट्रात अशा लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

कल्याण-डोंबिवलीत त्या चाळीतल्या एखाद्या खोलीत, समाजमंदिरात, कधी देवळाच्या ओट्यावर भरतात. अंगण म्हणावं असं काही उरलेलं नसतं. भिंतीवर फळांचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा आणि सेविकेच्या हातात मोबाइल. पोषण ट्रॅकरवर हजेरी, उंची, वजन भरायचं. नेट चाललं नाही तर पुन्हा भरायचं. मुलांना गोष्ट सांगायला जो वेळ हवा तो यात जातो, ही तक्रार सेविका वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. ताराबाईंच्या हिशेबात गोष्ट हेच काम होतं आणि नोंदवही नंतर. इथे ते उलटं झालेलं आहे. मानधनाचं दुखणं तर जुनंच. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी २०२३च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या आणि पन्नासच्या वर दिवस तो संप चालला.

सरकारी नियमात एक गोष्ट मात्र, ठरवून असो वा नकळत, कोसबाडसारखी झाली आहे: अंगणवाडीत बायका दोन असतात, एक सेविका आणि एक मदतनीस. एक गाणी घेते, रजिस्टर भरते. दुसरी घराघरांतून मुलं गोळा करून आणते, त्यांचे हात धुते, खाऊ वाढते. सेविका मीटिंगला गेली की वर्ग मदतनीसच घेते. अशा कित्येक जोड्या पंधरा-वीस वर्षं त्याच खोलीत एकत्र काम करत असतात, एकमेकींच्या सुनांची बाळंतपणं आणि नवऱ्यांची आजारपणं त्यांना पाठ असतात. सेविकेची जागा रिकामी झाली आणि शिक्षणाची अट पुरी असली, तर मदतनीस बाईला तिथे सेविका होता येतं. आता ती अट बारावीची आहे, आणि त्यासाठी चाळिशी उलटलेल्या बायका मुलीची जुनी गाइडं घेऊन रात्री अभ्यासाला बसतात.